कार्डाला काय दिसतं

“म्हणजे जन्मभर मीच लिहीत बसायचं?”

वैदेही फरांदेचा आवाज चिरकला. तांबोळी सर ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“कुणी सांगितलंय लिहायला?”

“दुसऱ्या कुणाला जमतच नाही सर. विचारा कंपनीत कुणालाही.”

“बरीच मोठी झालीस की.”

“सोडून देते नोकरी.”

“दे.”

“मग यंत्रं बंद पडतील!”

सरांनी टरफल बाजूला टाकलं. “म्हणजे जाताही येईना, राहताही येईना. दाखव काय आणलंयस ते.”

वैदेही सरांचीच शिष्या. अंडी उबवायच्या यंत्रांचे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत ती होती. मुख्य बोर्डावर एक कनेक्टर, म्हणजे पिनांची खाच, असायची. त्यात पंखा-हीटरचं, ओलाव्याचं, अलार्मचं, लागेल ते कार्ड खोचायचं. पण कार्ड खोचलं म्हणून यंत्राला काही कळत नाही. कुठं काय जोडलंय ते सॉफ्टवेअरमध्ये लिहून सांगावं लागतं. ते वैदेही लिहायची. बोर्डावरच्या चिपची कुठली तार कुठं जाते, सगळं तोंडपाठ. तिच्यावाचून कुणाचं पान हलायचं नाही, आणि खोटं कशाला बोला, तिला ते गोडही लागायचं.

मग जुनी चिप मिळेनाशी झाली. कंपनीनं नव्या चिपचा बोर्ड काढला. तिच्या तारा वेगळ्या. जुनंच कार्ड त्यावर खोचलं, तर पंखा ढिम्म, आणि हीटर भडकला! नशीब, यंत्र रिकामं होतं. आता संध्याकाळी उबवणी केंद्रात अंड्यांचा टेम्पो यायचा होता. कार्डं ढीगभर. सगळ्यांचं पुन्हा लिहायचं तर आठवडा गेला असता, आणि आठवडाभर थांबलेल्या अंड्यांतून पिल्लं कुठली निघायला?

म्हणून ती वाईला सरांकडं धावत आली होती.

तिनं बोर्ड, कार्ड आणि लॅपटॉप ओट्यावर मांडले.

“वाच, कार्डाबद्दल काय लिहिलंयस.”

“पंखा, चिपची सतरावी तार. हीटर, चिपची एकविसावी...”

“पुरे.”

सरांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि बोर्डावर टाकला. चिप, तारा, सगळं झाकलं. तेवढा कनेक्टर उघडा ठेवला, वर कार्ड खोचलेलं.

“आता सांग. पंखा कुठं जोडलाय?”

“पंचा काढा ना सर.”

“नाही काढत.”

“मग कसं सांगू? चिप दिसतच नाही.”

“कार्डाला दिसते?”

...

वैदेहीनं कार्डाकडं पाहिलं. मग कनेक्टरकडं. मग पुन्हा कार्डाकडं.

“कार्डाला... नुसता कनेक्टर दिसतो. पंखा तिसऱ्या पिनवर. बस.”

“मग त्याला जे दिसत नाही ते त्याच्या तोंडी कशाला घालतेस बये?”

“पण तिसरी पिन चिपमध्ये कुठं पोचते, ते कुणीतरी सांगायला नको का?”

सरांनी कार्ड उपटलं आणि मांडीखाली सारलं. पंचा ओढून घेतला. “आता सांग.”

“तिसरी पिन... या चिपच्या बाविसाव्या तारेवर जाते.”

“आणि त्या पिनवर येऊन काय बसणार? पंखा? अलार्म?”

“मला काय ठाऊक? कार्ड तर तुम्ही लपवलंत!”

“हं.”

...

ती खाली बसली. लॅपटॉप ओढला. बोर्डाच्या वर्णनात कनेक्टर लिहिला, त्याची कुठली पिन चिपमध्ये कुठं पोचते तेवढंच. कार्डाच्या वर्णनातून चिपचं नाव खोडलं. आपल्याच हातचं खोडताना जिवावर आलं, पण खोडलं. तिथं लिहिलं: पंखा, कनेक्टरची तिसरी पिन.

कार्ड खोचलं, तपासायचा पंखा जोडला आणि बटण दाबलं.

पंखा असा फिरला की शेंगांची टरफलं सगळ्या ओट्यावर उधळली. सरांच्या दाढीतसुद्धा.

“अगं, हळू!”

तिनं कंपनीत हाताखालच्या सुजितला फोन लावला. “नव्या बोर्डाचा कनेक्टर लिहिलाय, पाठवते. बाकीची कार्डं तू कर. कार्डावर पिनचा जो नंबर छापलाय तोच लिहायचा.”

“चिपचं काही बघायला नको?”

“नको.”

“एवढंच? मग हे मलापण जमतंय की मॅडम!”

वैदेहीला ते जरा टोचलं. पण जरासंच.

उन्हं उतरता उतरता सुजितचा फोन आला. सगळी कार्डं चालली होती. अंडी आत गेली होती. पंखे फिरत होते.

वैदेहीनं मोबाईल खाली ठेवला. भिंतीला पाठ टेकली आणि इतका लांब श्वास सोडला, की ओट्याखालचं मांजर उठून निघून गेलं. मग ती हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले.

“सर, म्हणजे आता मी गेले तरी चालेल.”

“चालेल.”

“खरंच चालेल...”

सर दाढीतलं टरफल काढत होते.

“मग जाऊ?”

“आता थांबलीस तरी चालेल.”