अखंड कापडाचं हूड

“वस्ताद, आता तरी सांगा… कुठं थेंब आला का?”

जयवंतच्या हातात रिकामी बादली होती. जुन्या जीपच्या नव्या हुडावरून पाणी निथळत होतं. आत दस्तगीर वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

“नाही आला.”

“मग झालं म्हणा की.”

वस्तादांनी बाजूच्या अखंड कापडावरून बोट फिरवलं.

आजऱ्याच्या बाजारपेठेच्या टोकाला, चिंचेखाली वस्तादांची पत्र्याची शेड. जुन्या जीपगाड्यांना कॅनव्हासची हुडं शिवून द्यायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जयवंत पोवार त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याला आता गडहिंग्लजला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. हे हूड त्यानं एकट्यानं मापलं, बेतलं, शिवलं होतं. वस्तादांनी ‘झालं’ म्हटलं की तो निघणार होता.

हूड होतंही तसंच. जीपच्या लोखंडी कमानी इतक्या वर्षांत कुठं वाकलेल्या, कुठं दबलेल्या. तरी कापडाला कुठं चुणी नव्हती की झोळ नव्हता. दोन्ही बाजूंना अखंड कापड. पाणी शिरतं ते जोडातून, म्हणून त्यानं बाजूला एकही जोड ठेवला नव्हता. खिडकीसुद्धा नाही.

जीप आप्पाजी गावड्यांची. आंबोलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर ते राहत. त्यांची बायको सरूबाई काजूच्या झाडावरून पडली आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं. तिला जीपच्या मागच्या बाजूला गादीवर आडवं घालून आप्पाजी गडहिंग्लजच्या दवाखान्यात नेत आणि आणत. मागच्या पावसाळ्यात जुनं फाटकं हूड गळलं. ती वाटेत भिजली, छाती भरली आणि मरता मरता वाचली.

तेव्हापासून आप्पाजींचं एकच सांगणं होतं. “काहीही कर बाबा, पण पाणी आत येता कामा नये.”

आज हूड चढवायचं म्हणून ते तिला घेऊनच आले होते. चिंचेच्या सावलीत बाजेवर ती पडून होती. शेजारी जुन्या हुडाचा बोळा पडला होता. आप्पाजींनी तो उचलला.

“हे आता जाळायला होईल.”

“नको…” सरूबाई म्हणाली. “राहू द्या ते.”

“का वहिनी?” वस्तादांनी जीपमधूनच विचारलं.

ती जराशी लाजली.

“काही नाही हो. त्याला एक भोक होतं. त्यातनं माहेरचा फाटा दिसायचा… फाट्यावरचं भाताचं शेत दिसायचं. भावाचं आहे.”

जयवंतला हसू आलं, आणि रागही आला.

“मावशी, त्याच भोकातनं पाऊस आला आणि तुम्ही तापानं फणफणलात!”

“व्हय रे लेकरा. तेही खरंच आहे. तू झकास शिवलंयस. एक टाका वाकडा नाही.”

तिनं हात पुढं करून आप्पाजींकडून तो बोळा घेतला.

वस्ताद जीपमधून उतरले. मागचा पडदा त्यांनी वर धरला.

“जयवंता, आत जा. आडवा हो.”

“मी?”

“तू.”

जयवंत गादीवर आडवा झाला. वस्तादांनी पडदा खाली सोडला, पट्टे आवळले आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले.

“चला आप्पाजी. एक चक्कर मारून येऊ.”

जीप धडधडत निघाली.

आत वर खाकी कापड, डावीकडं खाकी, उजवीकडं खाकी. जयवंतला प्रथम ते पाहून बरं वाटलं. शिलाई सरळ रेषेत गेली होती. मग गाडी वळली. मग पुन्हा वळली. कुठल्या बाजूला, ते त्याला कळेना. एक खड्डा आला आणि त्याचं डोकं गादीवरून उडालं. खड्डा येणार हे त्याला आधी दिसलंच नव्हतं. त्यानं डोळे मिटले, उघडले. काहीच फरक पडला नाही.

“जयवंता!” पुढून वस्ताद ओरडले. “कुठं आलो?”

त्यानं कान दिला. इंजिनच्या आवाजापुढं काही ऐकू येत नव्हतं.

“पुलावर… पुलावर आलो काय?”

गाडी आणखी थोडी गेली आणि थांबली. इंजिन चालूच होतं.

“आता कुठं?”

“काय माहीत, वस्ताद! थांबवा. मला मळमळतंय.”

पट्टे सुटले. पडदा वर गेला. डोळ्यांवर एकदम उजेड आला.

समोर त्याचं स्वतःचं घर होतं. ओट्यावर त्याची आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मुलगा जीपमध्ये आडवा पडलेला पाहून तिच्या हातातलं सूप निसटलं.

“अगं बाई! काय झालं रे तुला?”

“काही नाही आई… काही नाही झालं.”

तो उठून बसला. पण खाली उतरला नाही. कितीतरी वेळ तो दाराकडं बघत राहिला.

जीप परत शेडवर आली.

शेडमध्ये वस्तादांनी मोठी कात्री घेतली आणि जयवंतच्या हातात दिली.

आप्पाजी धावत पुढं आले.

“अहो, नको! असलं धड हूड कापता? तिला परत पाणी लागलं तर… त्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं हो, की आशा धरू नका.”

वस्ताद बाजूला सरले. बोलायचं ते आता जयवंतनंच बोलायचं होतं.

जयवंतनं हातातली कात्री पाहिली, मग आप्पाजींकडं पाहिलं.

“काका, वरून झडप लावतो. वळचणीसारखी पुढं आलेली. पाणी बाहेरच्या बाहेर पडेल. दुहेरी टीप मारतो, टिपेवर मेण घासतो. आणि तरीही आत आलं, तर हूड नव्यानं शिवून देईन.”

आप्पाजींनी बायकोकडं पाहिलं. ती काही मागत नव्हती. फक्त त्यांच्याकडं बघत होती.

“…काप,” ते म्हणाले.

“कुठं कापू, वस्ताद?”

“मला काय विचारतोस?”

जयवंत खडू घेऊन पुन्हा आत गेला, गादीवर पडला, डाव्या हाताला एक रेघ ओढली. मग थांबला. बाहेर आला आणि बाजेजवळ उकिडवा बसला.

“मावशी, मान कुठवर वळते तुमची?”

तिनं वळवून दाखवली. फार वळत नव्हती.

“आणि उशी असते का खाली?”

“असते. पातळ असते. जाड घेतली तर दुखतं.”

त्यानं आप्पाजींच्या मदतीनं तिला उचललं आणि जीपमध्ये नीट निजवलं. मग तिच्या डोळ्यांच्या रेषेत कापडावर बोट ठेवलं.

“इथं?”

“जरा खाली, लेकरा… अजून जरा. हां.”

पहिली रेघ त्यानं तळहातानं पुसली. नवी ओढली.

तिला पुन्हा बाजेवर आणून ठेवलं आणि मग त्यानं कात्री लावली. अखंड कापडात पहिला चर्र आवाज झाला, तेव्हा त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. पुढं हात सरळ चालला.

जाड पारदर्शक प्लास्टिक बसवून, वर झडप लावून होईपर्यंत सावल्या लांबल्या. सरूबाईला पुन्हा आत निजवलं. जयवंतनं बादली भरली आणि खिडकीवर ओतली. आप्पाजी आत बसून टिपेवरून पुन्हा पुन्हा तळहात फिरवत होते. हात कोरडा होता. त्यांनी तो बायकोच्या गालाला लावून दाखवला.

ती हसत होती. खिडकीवरून ओघळणारं पाणी बघत होती.

जीप निघाली. रस्त्याला लागते न लागते तोच मागून सरूबाईचा आवाज आला.

“अहो, हळू! डावीकडं म्हैस आहे!”

“दिसली गं मला!” आप्पाजी ओरडले.

जीप वळणाआड गेली.

जयवंतनं जमिनीवर पडलेला कापडाचा चौकोन उचलला. एका पुठ्ठ्यावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली आणि पुठ्ठा काळजीपूर्वक कापला. चेहरा उजळलेला होता.

“वस्ताद, हा साचा जपून ठेवतो. गडहिंग्लजला प्रत्येक गाडीला खिडकी करीन. एवढीच, आणि बरोबर एवढ्याच उंचीवर.”

वस्तादांपुढं नुकताच चहा आला होता. त्यांनी तो पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला… आणि माशा बसू नयेत म्हणून चहाच्या पेल्यावर झाकला.

“आधी पुढची गाडी तर येऊ दे. आत कोण बसतंय ते तर बघ,” ते म्हणाले.