हौसा सुईण आणि पानखिंडीचा भोपळा

आजच्या म्हाताऱ्यांच्या आजोबांनीही ही गोष्ट ऐकूनच सांगितली, इतकी ती जुनी. तेव्हा डोंगराच्या कुशीतल्या पानखिंडी गावात हौसा नावाची सुईण राहायची. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. पण गावातलं प्रत्येक लेकरू आधी तिच्याच हातात आलेलं. तिनं पोटावर हात ठेवला की कळा सोप्या व्हायच्या, असं म्हणतात.

गावाचा लाल भोपळाही तसाच नावाजलेला. खोल फाकांचा, आतून हळदीसारखा पिवळा, माळ्यावर ठेवला तर सहा-सात महिने टिकणारा. वाघजाईला नवरात्रात याच भोपळ्याच्या घारग्यांचा नैवेद्य लागायचा. दरवर्षी प्रत्येक घर एक भोपळा बियांसाठी राखून ठेवायचं. पण एक रीत होती. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक. त्याला बाईमाणसानं पहिली सुरी लावायची नाही. घरच्याच पुरुषानं लावायची, दुसऱ्या घरचा चालायचा नाही. हौसाच्या घरी पुरुष नव्हता, म्हणून तिच्याकडे माहेरचा भाऊ यायचा; तो घरचाच मानायचे.

एका वर्षी पाऊस रुसला. दिवाळी झाली आणि गावातले सगळे पुरुष गुरं घेऊन घाटाखाली चाऱ्याला गेले. हौसाचा भाऊही गेला. "संक्रांतीला येतो," म्हणाले. संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. माळ्यावरचे भोपळे वाट बघत बसले.

वैशाखात एके दिवशी साळूकाकीच्या माळ्यावरून घाण पाणी ठिबकलं. भोपळा आतून सडला होता, बियांचा चिखल झाला होता. मग शेजारचा गेला, मग त्याच्या पलीकडचा. बाया डोळ्याला पदर लावायच्या, पण सुरी कोणी उचलेना. शेवटी साऱ्या गावात एकच भोपळा उरला, हौसाचा.

हौसा रोज त्याच्यावरून हात फिरवायची. एका सकाळी देठाजवळ तिला बोटभर मऊ लागलं. हा गेला की गावाचं बी गेलं. वाघजाईपुढे काय ठेवायचं?

तिनं तो खाली घेतला, तेव्हा साळूकाकी धावत आली. काकीची सून गजरा नऊ महिन्यांची गरोदर होती.

"हौसे, काय करतीस? कापणार की काय?"

"काकी, आणखी चार दिवस थांबलं तर हाही जाईल."

"जाऊ दे! पोराला सुरी लावलेला हात मी माझ्या सुनेला लावू देणार नाही. सांगून ठेवते."

हौसानं आपल्या हाताकडे बघितलं. त्या हाताशिवाय तिच्याजवळ होतं काय? हात विटाळला म्हटल्यावर कोण बोलावणार? ती भोपळा कडेवर घेऊन वाघजाईच्या देवळात गेली आणि त्याला मांडीशी धरून बसली. सवयीनं तिचा तळवा भोपळ्यावर गेला. अडलेल्या बाईच्या पोटावर जातो, तसाच. आणि आत काहीतरी हललं, असं म्हणतात.

"अगं बाई!" हौसा एकदम म्हणाली. "हा लेक नाही. ही पोटुशी आहे. दिवस भरलेत हिचे!"

मग तिनं घाई केली नाही. पाणी तापवलं. भोपळ्याला हळदकुंकू लावलं, मूठभर तांदळांनी ओटी भरली. बाया देवळाच्या पायरीशी जमल्या होत्या. हौसा देवीला म्हणाली, "आई, नाळ कापताना सुरी लागते, तेवढीच लावते. गावातल्या प्रत्येक माळ्यावर आपला भोपळा दिसेपर्यंत मी भोपळा तोंडात घालणार नाही." आणि भोपळ्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मोकळी हो गं बाई."

सुरी टेकली मात्र, भोपळा आपणहून उकलला, असं म्हणतात. आत बिया नुसत्या नव्हत्या. कितीकांना पोटातच मोड आले होते, पांढरे, इवलेसे, वाकडे. बाहेर यायला वाट शोधत होते बिचारे.

साळूकाकी पुढे झाली. वाकून बघितलं.

"आणखी चार दिवसांनी गुदमरली असती गं ही," एवढंच ती म्हणाली.

कोरड्या बिया हौसानं राखेत घोळून घरोघरी वाटल्या. मोड आलेल्या मात्र लगेच लावायला हव्या होत्या, आणि पाणी तर प्यायलाही पुरत नव्हतं. त्याच दिवशी दुपारी गजराला कळा सुरू झाल्या. साळूकाकी स्वतः हौसाच्या दारात आली.

"चल. तोच हात हवाय मला."

"विटाळला नाही ना?" हौसानं हसून विचारलं.

"टोमणे नंतर मार, आधी चल!"

गजराला मुलगी झाली. बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी जिथं जातं, तिथं हौसानं मोडाच्या बिया लावल्या. बाळंतिणीची न्हाणी दुष्काळातही चुकवत नसत; रोजच्या त्या पाण्यावर वेल धरला. दुष्काळात मधमाश्या दिसेनात, तेव्हा हौसा पहाटे उठून नर फूल खुडायची आणि मादी फुलाला टेकवायची, वर दोन अक्षता टाकून म्हणायची, "लागलं बरं लग्न!" तो वेल साळूकाकीच्या छपरावरून शेजारी गेला, तिथून पुढच्या घरावर, असा साऱ्या गावावर पसरला. पुरुष घाट चढून आले तेव्हा करड्या डोंगरात एकच हिरवा ठिपका होता. त्यावरून त्यांनी गाव ओळखलं, असं म्हणतात.

प्रत्येक माळ्यावर भोपळा दिसायला तीन वर्षं लागली, तेव्हा हौसाचा नेम फिटला. त्या दिवशी साळूकाकीनं तिला स्वतःच्या हातानं पहिला घारगा भरवला.

पानखिंडीत आजही बियांचा भोपळा बाईच उघडते. आधी ओटी भरते, मग हौसाचं नाव घेते. पुरुष उंबऱ्याबाहेर येरझाऱ्या घालतात. एखादा न राहवून विचारतो, "किती झाली गं?" बी कोणी मोजत नाही. लेकरं मोजायची नसतात. आतून सगळ्या बाया एका सुरात सांगतात, "घरभर!"