गंजलेली साखळी

एका गावी एका गॅरेजच्या शटरला हाताने ओढायची साखळी होती. मोटर बसल्यापासून तिला ना कुणी तेल दिलं, ना हात लावला.

एकदा मोटर जळाली आणि बंद गॅरेजात धूर कोंडला. आत कबरी मांजर पिलांसह अडकली. ती दातांनी साखळी धरून लोंबकळली. साखळीने जीव तोडून जोर लावला, पण गंजामुळे शटर वीतभरच उचललं.

“आणखी जमत नाही गं,” साखळी रडवेली झाली. “तू सोडलंस की शटर पडेल.”

कबरीने नजरेनेच पिलांना फटीकडे पिटाळलं. शेवटचं पिलू बाहेर पडलं, तेव्हा तिचे दात सुटले. शटर धाडकन आदळलं.

बाहेर पिलं आईला हाका मारू लागली.

“अगं, ओ तरी दे,” साखळी म्हणाली.

“नको,” कबरी कुजबुजली. “माझा आवाज ऐकला, तर ती दारातून हलायची नाहीत.”