धावपट्टीचं सुशोभीकरण

विमानतळाच्या धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक खचलं होतं आणि दुपारी मंत्र्यांचं विमान उतरणार होतं. पायलटांसाठी सूचना काढणाऱ्या अधिकारी वैजयंती घोलप यांनी जगभर ठरलेल्या रोखठोक शब्दांत मजकूर तयार केला: 'धावपट्टीचा पूर्व भाग बंद.'

संचालक चौबळ भडकले. "बाई, अब्रू घालवता काय? 'सुशोभीकरण चालू आहे' असं लिहा!"

वैजयंतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लिहिते, साहेब. ते वाचून पायलट बिनघोर खड्ड्यात विमान उतरवील. फक्त एवढं सांगा, मंत्र्यांसाठी हार मागवायचा तो गळ्यात घालायला की फोटोला?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. सूचना होती त्याच शब्दांत गेली, आणि पायलटने खचलेलं टोक टाळून विमान सुखरूप उतरवलं.