लिंबू आणि आतला टायर

ट्रकच्या वस्तू बोलायच्या, त्या काळची गोष्ट. कांद्याने भरलेला ट्रक घाट उतरणार होता. सोपान ड्रायव्हरने बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधलं.

"आता मी आहे, निघा बिनघोर," लिंबू म्हणालं.

सोपान मात्र टॉमीचा लोखंडी दांडा घेऊन एकेक टायर ठोकू लागला. मागच्या जोडीतला बाहेरचा टायर ठणठणीत वाजला. आतला नुसताच भद्द वाजला.

"खिळा घुसलाय," तो आतला टायर ओशाळून म्हणाला. "शेजाऱ्याच्या जिवावर उभा आहे."

"मग सांगायचं नाही होय?"

"विचारलं कुणी? सकाळपासून सगळे लिंबालाच नमस्कार करतायत."

सोपानने टायर बदलला. ट्रक घाट सुखरूप उतरला, तसं लिंबू ऐटीत म्हणालं, "बघा, कुणामुळे पोचलात?"

सोपान हसला. "तुझ्यामुळेच रे बाबा. उद्याही तू नजर सांभाळ, हवा मी बघतो."