खेकड्यांवरचा राग

ही गोष्ट फार जुनी. किती जुनी ते विचारू नका, तेव्हा वर्षं मोजायला कुणाला सवड नव्हती.

खाडीकाठी एक गाव होतं. गावाची सगळी भातशेती एका मातीच्या बांधाआड. अलीकडे गोडं पाणी आणि भात, पलीकडे खारं पाणी, चिखल आणि तिवरांचं दाट रान. तिवर म्हणजे खाऱ्या पाण्यात तगणारं झाड. श्वास घ्यायला ते मुळं चिखलाबाहेर काढतं.

बांध राखायचं काम दामाकडे होतं. ओहोटी लागली की तो बांधावरून फिरायचा, खेकड्यांनी पाडलेली भोकं शोधायचा आणि चिखलाचे गोळे ठासून बुजवायचा. एखादं जरी राहिलं, तरी खारं पाणी शेतात शिरणार आणि गाव उपाशी मरणार. माणूस कष्टाळू, पण डोकं भारी गरम. रोज पाच-सहा भोकं बुजवून बुजवून तो पार वैतागला.

शेवटी त्याने गाव जमवलं. "हे खेकडे राहतात कुठं? तिवरांत. मग तिवरंच तोडू या. कटकट मिटेल, वर चुलीला सरपण मिळेल."

सरपण म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना डोलल्या. फुकटचं मिळतंय म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते!

एकटी गोमी तेवढी आडवी आली. चिखलात हात घालून खेकडे आणि कालवं काढणारी ही म्हातारी. "अरे दाम्या, घर मोडल्यावर खेकडा काय काशीला जाईल? तुझ्याच बांधात येऊन राहील. आणि लाटांचा मार कोण खाईल, तू?"

"आजी, तुला तुझ्या कालवणाची काळजी!" दामा म्हणाला. लोक खो-खो हसले.

चार दिवसांत रान साफ झालं. पाचव्या दिवशी दामा बांधावर गेला आणि भोकं मोजू लागला. जिथे सहा भोकं असायची, तिथे साठ होती. एका भोकातून मोठा खेकडा डोकावला.

"तू इथं रे काय करतोस?" दामा ओरडला.

"राहायला आलो," खेकडा म्हणाला. "आमच्या चिखलावर सावली होती, ती तुम्ही जाळायला नेलीत. ऊन सोसवेना. जवळपास ओली माती उरली ती हीच."

दामा दिवसभर गोळे ठासत राहिला. पण एका माणसाचे हात किती पुरणार?

पुढच्या अमावास्येला उधाण आलं. एरवी लाटा तिवरांत अडखळत यायच्या आणि बांधाशी पोचेतो त्यांचा जोर ओसरलेला असायचा. आता त्या थेट येऊन आदळल्या. पोखरलेला बांध भरदुपारी, सगळ्या गावादेखत फुटला. दामा भगदाडात छाती लावून उभा राहिला. लोकांनी त्याला ओढून काढलं म्हणून वाचला, नाहीतर गेलाच होता.

दाणे भरत आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या करपलं. तिवरांच्या मुळांच्या आसऱ्याने वाढणारी कोळंबीही त्या साली दिसली नाही.

दामा गोमीपुढे जाऊन उभा राहिला. "आजी, हाण मला. शिव्या तरी दे."

"शिव्यांनी भात पिकतं का रे?" गोमी म्हणाली. "पावसात तिवरांच्या बिया पाण्यावर तरंगत येतात. त्या वेच आणि चिखलात रोव."

"रान पुन्हा कधी होईल?"

"तोडायला चार दिवस लागले. वाढायला तुझी हयात लागेल."

फुटलेला बांध गावाने पुन्हा घातला, तरी तीन पावसाळे सरले, तेव्हा कुठे मातीतला खार उतरला आणि पहिलं भात आलं. तेही निम्मंच. तोवर गावाने डोंगरावरचे कंद उकडून खाल्ले. पोरांची पोटं खपाटीला गेलेली पाहताना दामाला रडू आवरत नसे. बिया मात्र तो दर पावसात रोवत राहिला, आणि खेकड्यांना पुन्हा कधी वाईट बोलला नाही.

म्हणून सांगतो, आपल्या वाट्याचा मार जो सोसतो, त्याच्यावर कुऱ्हाड उगारू नये.