तापलेला डेक

सागवान विकण्यात माझा जन्म गेला, पण माझा सौदा मोडणाऱ्या एका माणसाला मी आजही मनातून हात जोडतो.

वाघोटणच्या खाडीत कॅप्टन रणदिव्यांची शिडाची बोट होती. तिचा सागवानी डेक बुधाजी मेस्त्री आणि त्यांच्या भावाने मिळून बसवलेला. पुढे भाऊ गेला, बायको गेली. बुधाजींना आपलं म्हणावं असं त्या डेकशिवाय काही उरलं नाही. तो डेक गळायला लागला, तेव्हा कॅप्टननी मला नव्या फळ्या घेऊन बोलावलं.

"सगळा उखडून टाका!" कॅप्टननी हुकूम सोडला.

"दोन-चार फळ्या कुजल्या असतील, साहेब. तेवढ्याच बदलू," बुधाजी म्हणाले.

"मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तू त्या शोधणार? एकही फळी न उचकटता शोधून दाखव, मग राहू देतो बाकीचा."

बुधाजींनी डेकवर बादल्या ओतल्या आणि दुपारपर्यंत तो कडक उन्हात वाळू दिला. मग चपला काढून ते फळीफळीवरून चालू लागले. पाय भाजत होते, म्हणून भराभर उचलत होते. तीन जागी मात्र ते निवांत उभे राहिले.

"इथं गार लागतंय. आत पाणी मुरलंय."

मी पटाशी टोचून पाहिली. तिन्ही ठिकाणी लाकूड भुसभुशीत, बाकी डेक ठणठणीत!

"मी तर रोज फिरतो इथे," कॅप्टन पुटपुटले, "मला कसं कळलं नाही?"

"बूट घालून कळायचं नाही, साहेब. म्हातारं झालेलं सगळंच कुजकं वाटतं, कुणी जवळ येऊन हात लावीपर्यंत."

 कॅप्टन खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.